वर्षावास आणि गोवर्धनचे विणकर



विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघते आहे, तुम्हीही काही लिहा, असे समितीने सांगितले तेव्हा विषय शोधायला आम्हाला लांब जावे लागले नाही. विषय गेल्या आषाढात विहारातच निघाला होता. वर्षावासातल्या ग्रंथवाचनाचे नियोजन करायला आम्ही दहा-बारा जण बसलो होतो. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. पत्र्यावर एवढा आवाज, की बोललेले धड ऐकू येईना. तेवढ्यात आमच्यातला एक तरुण, शिकलासवरलेला, नोकरीला असलेला पोरगा म्हणाला, "काका, राग मानू नका. पण तीन महिने रोज रात्री कोण येणार? मागच्या वर्षी शेवटी शेवटी सात डोकी उरली होती. आणि दुसरं असं, की चातुर्मास आपण सोडला ना? मग वर्षावास पाळतो म्हणजे वेगळं काय करतो? नाव बदललं, एवढंच ना?"

बैठकीत सगळे गप्प झाले. एकदोघांनी त्याला दटावले. आम्हालाही क्षणभर राग आला, खोटे कशाला बोला. पण घरी येऊन अंथरुणावर पडलो तेव्हा लक्षात आले, की पोराचा प्रश्न बरोबर होता आणि आमच्यापाशीच उत्तर नव्हते. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा आम्ही इमाने इतबारे वाचन करत आलो, पण हे तीनच महिने का, पावसाळ्यातच का, हे कधी कुणाला नीट समजावून सांगितले नाही. मग पुस्तके काढली, माहीतगारांना विचारले, लेणी पुन्हा जाऊन पाहिली. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडत आहोत. आम्ही काही पंडित नाही. चुकले असेल तर जाणत्यांनी सांगावे.

लोकांची तक्रार आणि बुद्धांचा निर्णय

वर्षावासाची हकिकत विनयपिटकातल्या महावग्गात आली आहे. भगवान बुद्ध तेव्हा राजगृहाच्या वेळुवनात राहत होते. त्या काळी वर्षाचे तीन ऋतू धरत, हेमंत, ग्रीष्म आणि वर्षा. प्रत्येक ऋतू चार महिन्यांचा. भिक्खू तिन्ही ऋतूंत चारिका करत, म्हणजे गावोगाव फिरत. पावसातही फिरत. तेव्हा लोक कुरकुर करू लागले. हे शाक्यपुत्रीय श्रमण पावसाळ्यातसुद्धा भटकतात, हिरवे गवत तुडवतात, बारीकसारीक जीव पायाखाली मारतात. दुसऱ्या पंथांचे साधूसुद्धा पावसात एका जागी थांबतात. पाखरेसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटे करून बसतात. यांनाच काय झाले? अशी ती तक्रार होती.

ही तक्रार बुद्धांच्या कानावर गेली. त्यांनी लोकांवर राग धरला नाही. तुम्हाला धम्म काय कळतो, असेही म्हणाले नाहीत. भिक्खूंनी वर्षावास करावा, असा नियम त्यांनी घालून दिला. आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून तीन महिने एका जागी राहायचे. ज्याला तेव्हा जमणार नाही त्याने महिन्याने बसावे.

इथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही, की पावसाळ्यात एका जागी राहण्याची चाल बुद्धांच्या आधीपासून इतर पंथांत होती. ती आपण एकट्यांनी काढली, अशी फुशारकी मारायचे कारण नाही. ग्रंथच तसे सांगतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हा नियम कुठल्या देवाच्या झोपण्या-उठण्यावरून आलेला नाही. पुण्य साठवण्यासाठीही आलेला नाही. आषाढात जमिनीतून कोंब फुटतो, गांडूळ वर येते, शेतात लावणी चालू असते, ओढ्याला पूर असतो. अशा दिवसांत चालणाऱ्या माणसाचे पाऊल कुणाच्या ना कुणाच्या जिवावर पडते. म्हणून थांबायचे. हे त्या पोराच्या प्रश्नाचे पहिले उत्तर. आपल्या वर्षावासाच्या मुळाशी कारण आहे, आणि ते कारण कष्टकरी लोकांनी भिक्खूसंघाला शिकवले आहे.

आमच्यापैकी ज्यांचे बाप-आजे कोकणातून गिरणीत आले त्यांना हे वेगळे सांगायला नको. गिरणीच्या भोंग्याला ऋतू नव्हता. जूनमध्ये जी पाळी तीच डिसेंबरमध्ये. तरी आषाढ आला की आमच्या माणसांचा जीव खात्यात लागत नसे. रजा टाकून, नाहीतर बिनपगारी, ते लावणीला गावी जात. मुकादम शिव्या देई, तरी जात. पाऊस कुणासाठी थांबत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

नियम कडक, पण माणसाला मारणारा नाही

विनयातले पुढचे नियम वाचताना आम्हाला फार नवल वाटले. झाडाच्या ढोलीत, फांदीच्या बेचक्यात, उघड्यावर किंवा नुसत्या छत्रीखाली वर्षावास करायचा नाही. डोक्यावर धड छप्पर पाहिजे. म्हणजे देह कष्टवून पुण्य मिळवायचा हा प्रकार नव्हे. पण उपासक जर गुराखी असेल आणि गुरांमागे फिरत असेल तर त्याच्या वाड्यावर राहून वर्षावास करता येतो. तांडा असेल तर तांड्याबरोबर, नाव असेल तर नावेवर. पोट हातावर असलेल्या माणसांचे जगणे ओळखून केलेला हा नियम आहे.

तीन महिन्यांत बाहेर जायचेच नाही, असेही नाही. कुणी आजारी आहे, आई-बापांना बरे नाही, कुणाला धम्म ऐकायचा आहे, अशा कामांसाठी भिक्खूला जाता येते. अट एकच, सात दिवसांच्या आत परत यायचे. राहते ठिकाण पुरात वाहून गेले, आग लागली, हिंस्र जनावरांचा किंवा चोरांचा त्रास सुरू झाला, तर जागा सोडावी. त्यात दोष नाही. मगधाचा राजा बिंबिसार याने एकदा निरोप धाडला, की वर्षावास पुढच्या पौर्णिमेपासून धरला तर बरे. बुद्धांनी तेही मान्य केले.

म्हणून तीन महिने रोज कोण येणार, या प्रश्नाचे उत्तरही विनयातच आहे. ज्याची रात्रपाळी आहे, ज्याच्या घरी दुखणे आहे, त्याने जावे. पण सात दिवसांत परत यावे. एकदा गैरहजर राहिला म्हणून तो कायमचा तुटला, असे होऊ नये. आणि आपणही त्याला टोमणे मारू नयेत. मागच्या वर्षी सातच डोकी का उरली, याचा विचार केला तर त्यात आमच्या टोमण्यांचाही वाटा निघेल.

मुक्याने घालवायचे महिने नव्हेत

वर्षावास संपतो त्या दिवशी प्रवारणा असते. पाली शब्द पवारणा. तिची हकिकत तर प्रत्येक विहार समितीने ऐकावी अशी आहे. कोसल देशात काही भिक्खू एकत्र वर्षावासाला बसले. भांडणतंटा नको म्हणून त्यांनी ठरवले, की तीन महिने एकमेकांशी बोलायचेच नाही. आधी येईल त्याने झाडलोट करावी, पाणी भरून ठेवावे, सगळे खुणेने. तीन महिने शांततेत गेले. मग ते श्रावस्तीला बुद्धांना भेटायला गेले आणि आम्ही किती सुखात राहिलो ते त्यांनी सांगितले. त्यांना वाटले शाबासकी मिळेल. बुद्ध म्हणाले, हे तर मेंढरांसारखे राहणे झाले. आणि त्यांनी नियम घालून दिला. वर्षावासाच्या शेवटी प्रत्येकाने संघापुढे हात जोडून म्हणायचे, की माझी काही चूक तुम्ही पाहिली असेल, ऐकली असेल, किंवा तुम्हाला शंका आली असेल, तर मला सांगा. मी ती सुधारीन. थोरल्या भिक्खूनेही हेच म्हणायचे आणि धाकट्यानेही.

मौन धरून, उपास करून बसणे म्हणजे वर्षावास नव्हे, हे यावरून स्पष्ट होते. पाऊस माणसांना एका छपराखाली आणतो. एका छपराखाली आली की माणसे एकमेकांना खुपतात. चाळीत राहिलेल्या माणसाला हे कुणी सांगायला नको. त्या खुपण्याचे काय करायचे, याचे शिक्षण म्हणजे वर्षावास.

परिनिर्वाणानंतरची पहिली धम्मसंगीती राजगृहाला झाली, तीही वर्षावासातच. पाचशे भिक्खू जमले होते. विनयपिटक सांगते, की पहिला महिना त्यांनी पडक्या विहारांच्या डागडुजीत घालवला. बुद्धवचनाच्या संकलनासारखे थोर काम समोर असताना आधी गळकी छपरे दुरुस्त केली! आम्हाला हे फार आवडले.

भिजलेली चिवरे

पावसाळा आणि कापड यांचाही संबंध आहे. श्रावस्तीची विशाखा ही मोठी उपासिका. एकदा तिने भोजनासाठी बोलवायला दासी पाठवली. जोराचा पाऊस चालू होता आणि भिक्खू चिवरे काढून पावसात अंघोळ करत होते. हे कळल्यावर विशाखेने बुद्धांकडे काही गोष्टी मागितल्या. त्यात भिक्खूंना पावसाळ्यात अंघोळीचे वस्त्र देण्याची परवानगी होती, आजाऱ्याला आणि आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला अन्न देण्याची परवानगी होती, औषधे देण्याची होती. संसार केलेल्या बाईची नजर कुठे जाते, ते पाहावे.

दुसरी हकिकत अशी. बाहेरगावचे तीस भिक्खू बुद्धांना भेटायला श्रावस्तीला निघाले, पण वेळेत पोहोचले नाहीत. वाटेत साकेतला त्यांना वर्षावास धरावा लागला. तीन महिने संपताच ते निघाले. पाऊस अजून सरला नव्हता. रस्त्यात चिखल, पाणी, अंगावरची चिवरे भिजून जड झालेली. अशा अवस्थेत ते पोहोचले. त्यांची दशा पाहून बुद्धांनी वर्षावासानंतर कठिन चिवराची परवानगी दिली. आपण आश्विन पौर्णिमेनंतर कठिन चिवरदान करतो त्याचे मूळ हे आहे. चिवराचे तुकडे जोडण्याची रीतही शेतावरून आली. मगधातली बांध घातलेली भातशेते दाखवून, असे चिवर करता येईल का, असे बुद्धांनी आनंदाला विचारले. आनंदाने तसे करून दाखवले. आज भंतेजींच्या अंगावर चिवर दिसते तेव्हा त्यातल्या शिवणी म्हणजे शेताचे बांध आहेत, हे पोराबाळांना जरूर दाखवावे.

सह्याद्रीच्या कातळात

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. मगधातला पाऊस वेगळा आणि आपल्याकडचा वेगळा. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. इथे लाकूड-माळ्याचा विहार किती वर्षे टिकणार? म्हणून सह्याद्रीच्या काळ्या कातळात विहार खोदले गेले. शिलालेखांत त्यांना 'लेण' म्हटले आहे. आपण आज लेणे, लेणी म्हणतो तो हाच शब्द. आणि पाण्याच्या टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. तिथे गेल्यावर नुसत्या मूर्ती आणि खांब पाहून परत येऊ नये. कातळावर खोदलेले बारीक पाट पाहावेत. डोंगरावर पडलेले पाणी पाटाने पोढीत उतरते. पावसाळ्यात भरलेली पोढी पुढे कोरड्या महिन्यांत पुरवायची, अशी ती व्यवस्था. आजूबाजूच्या गावांनी या विहारांना पोसले. कान्हेरीच्या एका लेखात मंगलठाण गावातले शेत संघाला दिल्याची नोंद आहे. ते गाव म्हणजे आजच्या बोरिवलीतले मागाठाणे.

त्या काळच्या लोकांचे दिवस मोजणेही ऋतूवरून होते. सातवाहन राजांच्या लेखांत महिन्यांची नावे बहुधा येत नाहीत. ऋतूचे पंधरवडे येतात. नाशिकच्या एका प्रसिद्ध लेखाची मिती आहे, पुळुमावी राजाचे १९ वे वर्ष, ग्रीष्माचा दुसरा पंधरवडा, दिवस तेरावा. पावसाळ्याचे आणि हेमंताचे पंधरवडेही असेच लिहीत.

याच कान्हेरीच्या जंगलाशेजारी विहार तलाव आहे. विहार आणि पवई तलावांचे पाणी ओसंडून मिठी नदी वाहते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला आणि मिठीकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. शेकडो माणसे दगावली. डोंगरावर राहून ज्यांनी थेंबाला वाट करून दिली ते आपले पूर्वज, आणि खाडीत भराव घालून पाण्याची वाट अडवली ते आजचे शहर. त्या रात्री आपल्या विहाराचे दार उघडे होते. घरी पोहोचू न शकलेले अनोळखी लोक तिथे झोपले, बायाबापड्यांनी चहा-खिचडी केली. कुणी कुणाची जात विचारली नाही. आमच्या मते, त्या रात्री आपण खरा वर्षावास पाळला.

गोवर्धनचे विणकर

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो. नाशिकजवळ त्रिरश्मी डोंगरावर जी लेणी आहेत, ज्यांना पांडवलेणी हे नाव चिकटले आहे, तिथले दहा क्रमांकाचे लेणे क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने करविले. काळ साधारण इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. उषवदाताने ब्राह्मणांनाही मोठी दाने दिली, तेही तो लेखात सांगतो. पण तिथल्या ४२ व्या वर्षाच्या लेखात एक हिशेब कोरला आहे. तो आमच्यासारख्या माणसाने वाचावा असाच आहे.

उषवदाताने संघासाठी तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून दिले. हे पैसे राजाच्या खजिन्यात ठेवले नाहीत, सावकाराकडेही ठेवले नाहीत. गोवर्धन या गावी विणकरांच्या श्रेणी होत्या. लेखातला शब्द 'कोलिक निकाय', म्हणजे विणकरांचा संघ. एका विणकर संघाकडे दोन हजार ठेवले, दरमहा दर शेकडा एक या व्याजाने. दुसऱ्या विणकर संघाकडे एक हजार, दर शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. आणि त्या दोन हजारांच्या व्याजातून, या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चिवरासाठी द्यायचे.

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस. वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्खू गुणिले बारा, दोनशे चाळीस. पैचा फरक नाही! हे सगळे नगराच्या निगमसभेत वाचून दाखवले आणि दप्तरात नोंदवले, असेही लेखात आहे. नुसत्या श्रद्धेवर सोडले नाही, हिशेब दगडावर कोरून ठेवला.

याचा अर्थ काय? दान राजाच्या जावयाचे होते, हे खरे. पण ते वर्षानुवर्षे चालवायची जबाबदारी मागावर बसणाऱ्या माणसांवर टाकली होती. विणकरांचे माग चालले तर व्याज निघणार, आणि व्याज निघाले तर पावसाळ्यात बसलेल्या भिक्खूच्या अंगावर चिवर येणार. गोवर्धन हे गाव नाशिकजवळ आजही आहे.

आणि हे एकच उदाहरण नाही. त्याच डोंगरावर आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातला एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने तो कोरविला. आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी तिने ठेवी ठेवल्या, त्या कुंभारांच्या, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या आणि तेल गाळणाऱ्यांच्या श्रेणींकडे. जुन्नरला धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी स्वतः दान दिली. तिथल्याच लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणी येतात. लेणी म्हटली की आपल्याला राजे आठवतात. पण पावसाचे चार महिने धम्माला जगवला तो या कष्टकऱ्यांनी.

धाग्याचा विटाळ

हे वाचताना आम्हाला आमचे वडील आठवले. ते गिरणीत रिंग खात्यात होते, त्यांच्या आधीची पिढीही सूत कातायच्या खात्यातच राहिली. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात पगार जास्त, पण अस्पृश्यांना तिथे घेत नसत. कारण काय, तर कांडी संपली की नवी कांडी धोट्यात घालून तिचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या थुंकीचा धागा सवर्ण विणकराला चालत नसे. सूत आम्ही कातलेले चाले, पण विणताना आमचे तोंड लागलेले चालत नसे. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. आमच्या लोकांना सर्व खाती खुली करा, ही मागणीही संपाच्या मागण्यांत घ्या, असा आग्रह धरला. पुढाऱ्यांनी ती मोठ्या नाखुशीनेच घेतली. तो दरवाजा उघडायला पुढे पुष्कळ वर्षे लागली. आम्ही गिरणीत लागलो ते लूमवर. वडील पहिल्या दिवशी काही बोलले नाहीत. फक्त संध्याकाळी आम्ही घरी आलो तेव्हा आमच्या कपड्यांवरची रुई त्यांनी हाताने झटकली.

ज्या भूमीत विणकरांच्या संघावर विश्वास टाकून भिक्खूंच्या चिवराचा पैसा ठेवला जाई, त्याच भूमीत पुढे धाग्याला विटाळ लागला. मधल्या काळात धम्म गेला. लेण्यांत पाऊस येत राहिला, पोढ्या भरत राहिल्या, पण बसायला भिक्खू नव्हते आणि चिवर द्यायला कुणी उरले नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी हा तुटलेला धागा पुन्हा जोडला. तो दिवस दसऱ्याचा, अशोक विजयादशमीचा. आश्विन पौर्णिमा अजून पाच दिवसांवर होती, म्हणजे वर्षावासाचा शेवटचा आठवडा चालू होता. त्याच दिवसांत महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी त्रिशरण-पंचशील घेतले. पुढे १९५७ मध्ये, त्यांच्या पश्चात, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. भिक्खू कशासाठी असतो, स्वतःपुरता परिपूर्ण व्हायला की लोकांची सेवा करायला, असा प्रश्न त्यांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेत विचारला आहे, आणि त्यांचा कल सेवेकडे आहे. आज महाराष्ट्रातल्या विहारांतून वर्षावासात हाच ग्रंथ वाचला जातो. गावोगावी भिक्खू नाहीत. मग ग्रंथ वर्षावासाला बसतो आणि आपण त्याच्याभोवती बसतो. एवढी साधी ही गोष्ट आहे.

मग आपण काय करायचे?

त्या तरुणाला आणि आपल्या सर्वांना आमचे उत्तर असे आहे. व्रत म्हणून वर्षावास पाळायचा असेल तर तो न पाळलेला बरा. कारण समजून पाळायचा असेल तर तो पाळायला फार पैसा लागत नाही. आमच्या चार सूचना आहेत.

एक, आषाढ पौर्णिमेच्या आधी विहाराची आणि वस्तीची डागडुजी सर्वांनी मिळून करावी. पत्रे, गटारे, पाण्याची टाकी, सगळे पाहावे. पहिल्या संगीतीच्या थेरांनी ते कमीपणाचे मानले नाही, आपणही मानू नये.

दोन, वाचन रोज व्हावे, पण सात दिवसांची सवलत सर्वांना असावी. जो येऊ शकत नाही तो आजारी आहे का, हे दुसऱ्या दिवशी कुणीतरी जाऊन पाहावे.

तीन, आश्विन पौर्णिमेला प्रवारणा खरोखर करावी. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार यांनी आधी उभे राहून म्हणावे, की आमचे काही चुकले असेल तर सांगा. जमाखर्चाचा कागद त्याच दिवशी भिंतीवर लावावा. दोन हजार वर्षांपूर्वी हिशेब दगडावर कोरत होते, आपल्याला कागदावर लिहायला काय हरकत आहे?

चार, चिवरदानाच्या वेळी विशाखेची आठवण ठेवावी. भंतेजींना चिवर द्यावेच. त्याबरोबर वस्तीतल्या ज्या घरी पावसाळ्यात दुखणे आले, ज्या पोराकडे छत्री-रेनकोट नाही, त्याची वास्तपुस्तही त्याच पैशातून व्हावी.

हा लेख छपाईला देण्याआधी आम्ही त्या पोराला वाचून दाखवला. तो अजून पुरता पटलेला नाही. म्हणाला, "काका, विणकरांचा हिशेब झकास आहे. पण प्रवारणेला मी पहिला बोलणार. आणि तुमच्या टोमण्यांवर बोलणार."

आम्ही म्हटले, "बोल बाबा. त्यासाठीच तर बसायचं."

नमो बुद्धाय! जयभीम!